गरोदरपणात खाज सुटल्यास आधी काय पाहावे

ठाणे आणि नवी मुंबईची खाडीकाठची हवा वर्षाचा बराच काळ दमट असते. मे महिन्यात ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचलेल्या गरोदर बाईच्या अंगाला खाज सुटली, तर घामोळे आले असेल किंवा पोटाची त्वचा ताणली जात असेल, असे समजून ती दुर्लक्ष करते, आणि पुष्कळदा कारण तेवढेच असते. तरीही अंगाला काही लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: खाज नेमकी कुठे येते आणि तिथे पुरळ आहे का.

तळहात-तळपायांना खाज येत असेल, रात्री ती इतकी वाढत असेल की गार लादीवर पाय टेकवून बसावेसे वाटते, आणि उजेडात निरखून पाहिले तरी नखांच्या ओरखड्यांखेरीज काहीच दिसत नसेल, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगावे. यकृतातून पित्त वाहण्याची क्रिया मंदावून पित्तातील आम्ले, म्हणजे पित्ताम्ले, रक्तात साठू लागली, की अशी खाज येते. बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत. घरोघरी अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात; त्याने गार वाटेल, पण रक्तातील पित्ताम्ले कमी होणार नाहीत. खाज यामुळेच आहे का, हे कळण्यासाठी पित्ताम्ले आणि यकृताचे कार्य यांच्या रक्ततपासण्या लागतात. पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे १९ मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक असल्यास हा विकार मानतात. १०० च्या वर गेल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून ३५-३६ आठवड्यांत प्रसूती करण्याचा विचार होतो. पहिला अहवाल चांगला आला आणि खाज मात्र थांबली नाही, तर साधारण आठवड्याने तपासणी पुन्हा करून घ्यावी. लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे हेही लगेच सांगावे, आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. या खाजेसाठी मात्र त्या तारखेची वाट पाहू नये. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे जावे.

पुरळ असेल तर ते कुठून सुरू झाले, हे महत्त्वाचे. पोटावरच्या ताणाच्या रेषांत लाल पुटकुळ्या उठल्या आणि बेंबीभोवतीची त्वचा स्वच्छ राहिली, तर ते पुरळ त्रासदायक असले तरी बाळाला बाधत नाही व बाळंतपणानंतर जाते. याउलट बेंबीजवळून चट्टे पसरून फोड येऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेच.

मांड्यांत किंवा कमरेच्या नाडीखाली कडेने लाल, गोल चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमे येथे सर्रास वापरली जातात. त्यांतील तीव्र स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवस दबते, नायटा मात्र पसरतो. गरोदर बाईने ती मुळीच लावू नयेत.

साध्या खाजेसाठी कोमट पाण्याची झटपट अंघोळ, सुती सैल कपडे, ओलसर अंगावरच सुगंधरहित मॉइश्चरायझर आणि गरजेपुरते कॅलामाइन पुरेसे असते. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पित्ताम्लांमुळे येणारी खाज प्रसूतीनंतर ओसरते, पण पुढच्या गरोदरपणात ती पुन्हा उद्भवू शकते. म्हणून जुने अहवाल जपून ठेवावेत आणि पहिल्याच भेटीत, तसेच गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी, डॉक्टरांना दाखवावेत.