पाणथळीतला पक्षी आणि ठेंगणा पाइन : तुलना कशी करावी

पर्यावरण प्रकल्पासाठी पक्षी आणि वृक्ष यांची तुलना करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना 'आधी साम्ये लिहा, मग भेद लिहा' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ठामपणे बाजूला ठेवावा, कारण त्यातून 'पक्षी उडतो, झाड उडत नाही' यापलीकडे काही हाती लागत नाही.

जोडी एकाच भूभागाशी नाते असलेली निवडावी. हिवाळ्यात शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलात दिसणारा कर्ल्यू सँडपायपर हा पक्षी सायबेरियाच्या उत्तरेकडील टुंड्रात वीण करतो, तर पायनस प्युमिला हा ठेंगणा पाइन पूर्व सायबेरियापासून जपानच्या पर्वतांपर्यंत वाढतो. पक्ष्याचे निरीक्षण भरती ओसरताना दुर्बिणीतून करावे. पाइनची माहिती मात्र ग्रंथांतूनच घ्यावी. नाताळात मुंबईच्या रोपवाटिकांत मिळणारे 'ख्रिसमस ट्री' बहुतेकदा अरॉकेरिया हे पाइनहून वेगळे झाड असते, त्यावरून पाइनचे वर्णन लिहू नये.

सर्वांत अवघड भाग निकष ठरवण्याचा. मलाही सुरुवातीला यानेच फार छळले. आकार, रंग, अन्न असे रकाने पाडू नयेत. चोचीची लांबी आणि सुईसारख्या पानांची लांबी शेजारी मांडली, तर दोन्ही आकडे अचूक असूनही त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी दोघांपुढे उभी राहणारी एकच अडचण प्रश्नरूपाने लिहावी. उदाहरणार्थ, गोठवणारा हिवाळा कसा निभावला जातो? पक्षी चरबी साठवून आफ्रिका, दक्षिण आशिया किंवा ऑस्ट्रेलियापर्यंत निघून जातो. पाइनच्या फांद्या मात्र शरद ऋतूच्या अखेरीस जमिनीवर आडव्या होतात, बर्फाच्या थराखाली थंड वाऱ्यापासून सुरक्षित राहतात आणि वसंतात पुन्हा उभ्या होतात. एक जागा सोडतो, दुसरा त्याच जागी आडवा होतो, आणि तुलना खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

दुसरा प्रश्न पुढच्या पिढीचा घ्यावा, कारण त्यात दोघेही परावलंबी आहेत. टुंड्रात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी घटले, की त्यांच्यावर जगणारे कोल्हे पक्ष्यांच्या अंडी-पिलांकडे वळतात. पाइनच्या बियांना पंख नसल्यामुळे त्या पसरवण्याचे काम प्रामुख्याने नटक्रॅकर हा पक्षी करतो; तो बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि न खाल्लेल्या काही बिया तिथेच रुजतात.

असे तीन-चार प्रश्न पुरेत. ज्याचे उत्तर एकाच जातीला लागू पडते, जसे विणीच्या काळात पक्ष्याचा पिसारा विटकरी होणे, तो प्रश्न कितीही आवडला तरी काढून टाकावा.