पडवीतली जुनी फियाट: घ्यावी का, आणि केवढ्याला?

दहा-पंधरा वर्षं उभी असलेली पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाट) किंवा अँबेसेडर बघायला गेलं की सगळे आधी विचारतात, ‘चालू होते का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जुना मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. गोव्यात गाडी बुडते ती सडक्या पत्र्यात आणि अडकलेल्या कागदांत.

बघायला गणेश चवथीच्या सुमारास जा. मे महिन्यात सगळंच कोरडं ठणठणीत दिसतं. पावसानंतर गाडी कुठे गळते ते मॅटखाली हात घातला की कळतं. टॉर्च, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना आणि जुनी चादर सोबत असू द्या.

चादर टाकून गाडीखाली शिरा. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दारांखालची पट्टी, जॅक लावायची जागा, डिकीत स्पेअर व्हीलखालचा खळगा आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला अडकतात ती जागा, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर पत्रा आहे. थप्प आवाज आला, चुंबक सुटला, तर आत पुट्टी आहे. मडगार्डला भोक असेल तर डेंटर पॅच मारेल. पाट्यांची बैठकच भुगा झाली असेल तर गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्या. ताडपत्री गुंडाळून ठेवलेली गाडी उघड्या पडवीतल्या गाडीपेक्षा जास्त सडलेली निघते, कारण खारी दमट हवा आतच कोंडते.

आता इंजिन. ऑइल दुधी असेल तर आत पाणी गेलंय. स्टार्टर मारू नका, जीपला बांधून ओढून तर मुळीच नको: सिलिंडरला धरलेल्या गंजावर पिस्टनच्या रिंग घासून तुटतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, साधारण ३० मिली घाला. दोन दिवसांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढची पुली पान्याने हळूच फिरवा. फिरली तर उत्तम. नाही फिरली तर इंजिन पूर्ण खोलायचा खर्च धरा. ब्रेकचं तर बघूच नका. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि पाच टायर बदलायचेच. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं, म्हणून बॅटरी थेट जोडू नका.

कागद बघताना चासी आणि इंजिनाचे नंबर आरसीशी स्वतः ताडा. ‘जीडी’ने सुरू होणारा, म्हणजे १९८९ पूर्वीचा नंबर असेल तर ती नोंद आरटीओच्या संगणकात चढली आहे का ते आधी पाहा. नोंदणीचं नूतनीकरण रखडलं असेल तर विलंबशुल्क महिन्यागणिक वाढत असतं. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ लागतो आणि सगळ्या वारसांच्या सह्याही. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, त्यामुळे वारसांच्या जोडीदारांच्याही सह्या घ्या. मुंबईतला एक भाऊ राहून गेला की व्यवहार लोंबकळला. ‘विंटेज आहे’ म्हणून कोणी भाव चढवला तर २०२१ चा नियम दाखवा: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, आणि विंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

भाव उलटीकडून काढा. समजा, तशीच चालती गाडी २,५०,००० ला प्रत्यक्षात विकली जाते. पत्रा-रंग ८०,०००, ब्रेक, टायर, वायरिंग ५०,०००, इंजिन ३०,०००, उचलणं आणि कागद १५,०००. राहिले ७५,०००. न दिसलेल्या कामांसाठी खर्चाचे आणखी २० टक्के, म्हणजे ३५,००० काढले की कमाल ४०,०००. सुरुवात ३०,००० पासून करा. ‘भंगार’ हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. ती कुणाच्या तरी आजोबांची गाडी असते. खर्चाची यादी समोर ठेवा आणि गाडी आठवड्यात हलवतो असं सांगा. अंगण मोकळं होणार म्हटलं की हजार-दोन हजारांवर सहसा कोणी अडत नाही.

इसार कागद बघूनच द्या, उरलेले पैसे गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर. उचलायच्या दिवशी हवेचा पंप न्या. चाक जाम असेल तर फरफटत ओढू नका, ब्रेकच्या ड्रमवर लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोका, आत चिकटलेलं लायनिंग सुटतं.