अभिरूप न्यायालयातून आंतरराष्ट्रीय कायदा कसा शिकावा

आंतरराष्ट्रीय कायद्याचे पाठ्यपुस्तक मन लावून वाचलेल्या विद्यार्थ्यालाही उभे करून ‘हा नियम या राष्ट्रावर बंधनकारक का आहे?’ असे विचारले, की तो गडबडतो. देशांतर्गत कायद्यात विधिमंडळाने संमत केलेल्या कलमाकडे बोट दाखवता येते. येथे नियम कोठून आला हेच आधी सिद्ध करावे लागते. ही सवय अंगवळणी पाडण्यासाठी मूट कोर्ट, म्हणजेच काल्पनिक खटला लढवण्याचा सराव देणारे अभिरूप न्यायालय, याइतके प्रभावी साधन मला तरी दुसरे दिसत नाही. १९६० साली सुरू झालेली आणि पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झालेल्या फिलिप जेसप यांच्या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा याचे ठळक उदाहरण आहे. दोन काल्पनिक राष्ट्रांचा वाद हेगच्या याच न्यायालयापुढे आला आहे असे तेथे मानले जाते आणि प्रत्येक संघाला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

मूट प्रॉब्लेम, म्हणजे स्पर्धेसाठी दिलेल्या काल्पनिक वादाची हकीकत, हाती आला की लगेच ग्रंथालयाकडे धाव घेऊ नये. आधी तो तीन-चार वेळा वाचून घटनांचा तारीखवार तक्ता करावा आणि प्रत्येक कराराच्या पुढे चार गोष्टी टिपाव्यात: स्वाक्षरी कोणी केली, अनुसमर्थन (कराराने बांधले जाण्याची अंतिम औपचारिक मान्यता) कोणी केले, राखीव अट (एखादी तरतूद आपल्याला लागू नसल्याची किंवा बदलून लागू असल्याची) कोणी घातली आणि करार अमलात केव्हा आला. ‘स्वाक्षरी केली’ आणि ‘अनुसमर्थन केले’ या दोन शब्दप्रयोगांतील फरकावर अनेकदा अख्खा मुद्दा उभा असतो. केवळ स्वाक्षरी केलेल्या राष्ट्रावर करारातील सर्व बंधने येत नाहीत. मात्र करारांविषयीच्या कायद्यावरील १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १८ नुसार कराराचा हेतूच निष्फळ होईल असे वागण्यापासून त्याला दूर राहावे लागते.

त्यानंतर अधिकारक्षेत्राचा प्रश्न घ्यावा. राष्ट्राच्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच्याविरुद्धचा खटला चालवू शकत नाही, हे विद्यार्थ्यांना पाठ असते, पण युक्तिवादाच्या वेळी विसरले जाते. खटल्यात नसलेल्या तिसऱ्या राष्ट्राचे कायदेशीर हितसंबंध हाच निर्णयाचा गाभा ठरत असेल, तर त्या राष्ट्राच्या संमतीशिवाय न्यायालय निर्णय देऊ शकत नाही असे सांगणारा १९५४ चा मॉनेटरी गोल्ड निकाल प्रतिवादीच्या हाती मोठे शस्त्र देतो.

संशोधन करताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे (ज्या नियमसंहितेवर ते चालते तिचे) कलम ३८ समोर ठेवावे. करार, रूढी आणि कायद्याची सर्वमान्य तत्त्वे हे मुख्य स्रोत आहेत. न्यायनिर्णय आणि विद्वानांचे लेखन ही दुय्यम साधने आहेत. रूढी सिद्ध करायची तर राष्ट्रांचे प्रत्यक्ष वर्तन आणि ते कायद्याचे बंधन मानून केले जात असल्याची धारणा, अर्थात ओपिनियो ज्युरिस, ही दोन्ही दाखवावी लागतात. १९६९ चा नॉर्थ सी काँटिनेंटल शेल्फ निकाल यासाठी मुळातून वाचावा, कोणाच्या टिपणांतून नव्हे. ‘पूर्वीचा निकाल न्यायालयावर बंधनकारक आहे’ असे मात्र कधीही म्हणू नये. कलम ५९ नुसार निकाल त्या खटल्यापुरता आणि त्यातील पक्षांपुरताच बंधनकारक असतो.

लेखी निवेदन, ज्याला मेमोरियल म्हणतात, दोन्ही बाजूंचे एकाच गटाने लिहावे. अर्जदाराची बाजू एकाने आणि प्रतिवादीची दुसऱ्याने अशी वाटणी केली, तर प्रत्येकाला अर्धाच खटला कळतो.

खरे शिक्षण तोंडी युक्तिवादात होते, आणि त्यातही न्यायाधीश मध्येच थांबवतात त्या क्षणी. समजा, धरणाचा करार मोडलेले राष्ट्र पर्यावरणाचा धोका पुढे करून अपरिहार्यतेचा बचाव घेते, म्हणजे गंभीर संकट टाळण्यासाठी दुसरा मार्गच नव्हता असे म्हणते. न्यायाधीश विचारतात, ‘हा बचाव न्यायालयाने पूर्वी फेटाळलेला नाही का?’ नवखा वक्ता ‘मी त्या मुद्द्याकडे नंतर येतो’ म्हणतो आणि तेथेच विश्वास गमावतो. सराव झालेला वक्ता आधी थेट उत्तर देतो: ‘होय, महोदय. १९९७ च्या गाबचिकोवो-नाग्यमारोस खटल्यात हंगेरीचा बचाव मान्य झाला नाही. परंतु अपरिहार्यता हे तत्त्व रूढीचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. तेथे धोका निकटचा असल्याचे सिद्ध झाले नव्हते. येथे मूट प्रॉब्लेमच्या परिच्छेद १४ मधील अहवाल तो निकटचा असल्याचे सांगतो.’ आधी होय किंवा नाही, मग आधार, मग वस्तुस्थितीतील फरक आणि शेवटी आपल्या मुद्द्याकडे परतणे, हा क्रम तोंडात बसेपर्यंत घोकावा.

यासाठी सरावात एका सहकाऱ्याला केवळ प्रश्न विचारण्याचे काम द्यावे आणि दुसऱ्याला घड्याळ घेऊन बसवावे. भाषण शब्दशः पाठ करण्याच्या मी ठाम विरोधात आहे, कारण पहिल्याच प्रश्नाला पाठांतराचा धागा तुटतो. एका पानावर मुद्द्यांचे मथळे आणि परिच्छेद क्रमांक एवढेच असावेत. प्रत्युत्तराच्या मिनिटांत नवा मुद्दा आणू नये. प्रतिपक्षाच्या दोन सर्वांत घातक विधानांना उत्तर द्यावे आणि बसावे. फेरी संपताच, निकाल लागण्याची वाट न पाहता, ज्या प्रश्नांना उत्तर देता आले नाही ते न्यायाधीशांच्या शब्दांत लिहून काढावेत, आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्याच प्रश्नांनी करावी.