कुरडईचा चीक शिजवताना (बाकीचं जमतंच)

मृग निघतो ७-८ जूनला, त्याआधी रोहिणी २५ मेच्या आसपास. रोहिणीच्या आत ज्यांच्या कुरडया डब्यात गेल्या नाहीत त्यांनी यंदा विकत आणाव्यात, असं आमच्याकडे स्पष्ट सांगतात. साताऱ्यात एप्रिलच्या मध्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कडक ऊन असतं. पुढे दुपारी तीन वाजले की अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर काळं दिसायला लागतं, आणि वळीव गच्चीवर यायला अर्धा तास पुरतो. मी दोनदा ओल्या कुरडयांची खाट डोक्यावर घेऊन जिना उतरलेय. तिसऱ्यांदा उतरायची हौस नाही.

बेगमीतल्या बाकीच्या कामांवर मी लिहीत नाही. हळद सांगलीचीच घ्यायची. तिला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, पण आमच्या घरी त्याआधीही दुसरी येत नव्हती. डाळींना एरंडेल चोळायचं, चटणी डंकावरनं कुटून आणायची, शेवया करून घ्यायच्या. ही कामं वेळखाऊ आहेत, पण यात फसायला होत नाही. कुरडईत होतं, आणि तेही एकाच जागी. तरी जो तो पाण्याचं प्रमाण सांगून मोकळा होतो. प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. चीक, म्हणजे भिजवलेल्या गव्हातून गाळून काढलेला पांढरा पिठूळ भाग, शिजला हे ओळखायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर दोन किलोच गहू घ्या. लोकवन चालतो. हा काही कुठल्या वनातला गहू नव्हे, गुजरातेत निघालेल्या ‘लोक-१’ वाणाचं बाजारात झालेलं नाव आहे ते. खपली महाग, ती खिरीला ठेवा.

गहू निवडून, धुऊन तीन दिवस भिजत घाला. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. ‘दिवसातून एकदा बदललं तरी चालतं’ असं सांगणाऱ्यांनी मे महिन्यातलं साताऱ्यातलं स्वयंपाकघर बघितलेलं नसतं. पाणी बदलायचं चुकलं तर आंबूस वासाचा कुजका वास होतो, आणि तो तळलेल्या कुरडईतही राहतो. एका दिवसात भिजवून उरकायच्याही नादी लागू नका. गहू आंबला की त्यातला चिवटपणा सुटतो आणि पांढरा पिठूळ भाग मोकळा होतो. तो मोकळा झाला नाही तर चीक निघणार कुठून? चौथ्या दिवशी दाणा नखाने दाबून बघा. टच्चकन फुटून दूध बाहेर आलं की झालं.

मिक्सरला थांबत थांबत फिरवा, पाणी घालून पिळा, आधी चाळणीतून आणि मग पंचातून गाळा. चोथ्यात तिखट-मीठ, जिरं, तीळ घालून सांडगे घाला, टाकू नका.

गाळलेलं पाणी उंच पातेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी वर पिवळट निवळ येते आणि तळाला चीक बसतो. निवळ ओतताना पातेलं हलवायचं नाही. निवळ गेल्यावर चिकाच्या अंगावर तपकिरी-करडा पातळ थर दिसेल, तो चमच्याने खरवडून काढा. आळस करून तो राहू दिला की कुरडई लालसर होते आणि मग लोक गव्हाला दोष देतात. अगदी पांढरीशुभ्र हवी असेल तर परत पाणी घालून ढवळा आणि चार तास बसू द्या. रुखवताची असेल तर हे कराच. घरात खायची असेल तर मी करत नाही.

आता शिजवणं.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कराडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि कुरडया माझ्या गळ्यात पडल्या. पाच किलो गहू. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली ढवळलं होतं, त्यामुळे सगळं येतं असा समज. चीक आधणात घातला, तो घट्ट झाला, पळी उभी राहिली. मला वाटलं, झालं. गॅस बंद केला, सोऱ्या भरला, गच्चीवर दोन खाटा भरून कुरडया घातल्या. दिसायला सुरेख, तार सुटी. दुसऱ्या दिवशी कडा पांढऱ्याफटक. तिसऱ्या दिवशी उचलायला गेले तर हातात कुरडई नाही, भुगा. एक नाही, दोन नाही, दोन्ही खाटा. आत्याबाई परत आल्यावर त्यांनी भुगा चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “कच्चा काढलास की गं.”

घट्ट होणं वेगळं आणि शिजणं वेगळं, हे मला त्या पाच किलोंनी शिकवलं. गव्हाचा स्टार्च साठेक अंश सेल्सियसच्या आसपासच फुगायला लागतो, म्हणून चीक आधणात पडल्या पडल्या घट्ट होतो. ते फसवं असतं. आतला भाग पाणी पिऊन पुरता पारदर्शक व्हायला अजून वेळ लागतो. तो वेळ दिला नाही की वाळताना तार एकसंध राहत नाही, तडकते आणि तिची भुकटी होते.

गुठळ्या होतात त्याही याच कारणाने. उकळत्या पाण्यात चिकाचा गोळा पडला की त्याची बाहेरची कातडी क्षणात शिजते आणि आतला कच्चा चीक तिथेच कोंडला जातो. नंतर कितीही शिजवा, पाणी आत जात नाही. म्हणून ओतायच्या आधी चीक सारखा करायचा. रात्रभरात तो तळाला खडूच्या वडीसारखा बसलेला असतो, बोटाने उकरावा लागतो. थोडं गार पाणी घालून हाताने मोडा, डोशाच्या पिठापेक्षा जरा दाट ठेवा आणि तांब्याने मोजा. आधी मोजून मग पाणी घालायचं नाही. सारखा केलेला चीक जितके तांबे, तितकेच तांबे पाणी आधणाला. व्हिडिओत दुप्पट पाणी सांगतात, तसं करून बघा आणि मग कुरडईऐवजी धिरडी घाला. तारा एकमेकींत मिसळतात.

पातेलं जाड बुडाचं. पितळेचं असेल तर कल्हई ताजी हवी, कारण चीक आंबलेला असतो. आधणात हिंग, मीठ आणि पळीभर गोडेतेल. मीठ एका तांब्याला, म्हणजे लिटरभर चिकाला, दोन सपाट छोटे चमचे. चाखल्यावर कमी वाटेल, वाटू द्या. पाणी वाळून जातं, मीठ आहे तिथेच राहतं. ओला चीक चवीला बरोबर लागला तर वाळलेली कुरडई खारट होणार. पापडखार घालायचा नाही. मैदा, कॉर्नफ्लॉवर काहीही घालायचं नाही; तीन दिवस गहू भिजवून शेवटी मैदाच घालायचा होता तर एवढी उठाठेव कशाला?

इथून पुढे माणसं दोन लागतात. एकटीने जमतं म्हणणारीला माझा नमस्कार. पाणी खळखळून उकळलं की गॅस मध्यम करा. एकीने चिकाचा तांब्या धरायचा आणि करंगळीएवढ्या धारेने सोडायचं. मध्ये थांबायची वेळ आली तर तांब्यातला चीक तळापासून हलवून मगच पुढे ओतायचा, नाहीतर पहिला पाणीदार आणि शेवटचा दगड. दुसरीने लाटण्याच्या टोकाने किंवा लाकडी घाट्याने एकाच दिशेला ढवळत राहायचं. पळी नको, ती वाकते. इथे आमच्या घरात दरवर्षी एकच संवाद होतो: “आगं हलीव की, झोपलीस का काय!” ओतणारीने म्हणायचा, ढवळणारीने ऐकायचा. यंदा तो माझ्या मुलीने ऐकला.

सगळा चीक आत गेला की तो जड होतो, हात भरून येतात. बहुतेक जणी इथेच थांबतात. मीही इथेच थांबले होते. थांबायचं नाही. गॅस अगदी बारीक करा, पातेल्याखाली तवा सरकवा, कडेने पाण्याचा हलका शिपका द्या आणि झाकण घाला. पाच मिनिटांनी झाकण काढून तळापासून उलथवा, बुडाचं वर, वरचं बुडाला. परत झाकण. असं तीनदा, चारदा. लिटर-दोन लिटर चिकाला एकंदर वीस मिनिटं तरी जातात, पण घड्याळाकडे बघून उतरवू नका. चिकाकडे बघा.

पहिलं म्हणजे रंग. कच्चा चीक चुन्यासारखा पांढरा असतो. शिजला की तो पांढरेपणा विझतो आणि मेणासारखी, थोडी काचेसारखी झाक येते. लाटण्यावर ओढलेला पातळ पापुद्रा उजेडात धरा, पलीकडचं अंधुक दिसलं पाहिजे. हात गार पाण्यात बुडवून चिकावर थापटून बघा: चिकटला तर कच्चा, हात कोरडा सुटला तर तयार. (बुडवायला विसरू नका. चीक तेलासारखाच भाजतो, आणि चिकटून भाजतो.) तरी खात्री नसेल तर सुपारीएवढा गोळा ताटलीतल्या गार पाण्यात टाका. पाणी गढूळ झालं की झाकण परत घाला. पाणी स्वच्छ राहिलं तर गोळा मधोमध तोडा आणि आत पांढरा ठिपका नाही ना ते बघा. ठिपका असेल तर अजून पाच मिनिटं. यातली एकच खूण जमली म्हणून गॅस बंद करू नका, सगळ्या जमल्या पाहिजेत.

गुठळ्या झाल्याच तर घाबरून जोरात घोटू नका, त्या फुटत नाहीत, नुसत्या फिरतात. गॅस कमी करून एकेक गुठळी पातेल्याच्या कडेला दाबून चिरडा. उरतील त्या चमच्याने काढून टाका. एक जरी सोऱ्यात गेली तरी चकतीची भोकं बुजतात, आणि दाबणाऱ्याने जोर केला की दांडा वाकतो. आमचा एक वाकलेला सोऱ्या अजून माळ्यावर आहे.

ताटलीत थोडा गरम चीक काढून त्यावर शेंगदाण्याचं तेल आणि चटणी घ्या, किंवा दूध-गूळ. पोरं याच्यासाठीच उठलेली असतात. त्यांना आधी द्या म्हणजे मध्ये लुडबुडत नाहीत.

घालण्यात काही विशेष नाही. उजाडायच्या आत शिजवायला लागा, साडेसातपर्यंत गच्चीवर पोचा. सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावा, चीक गरम असतानाच भरा, बाकीचा झाकून ठेवा; गार चीक दाबायला गडी लागतो. प्लॅस्टिकच्या कागदावर मधून बाहेर दोन-तीन फेरे. चार फेऱ्यांची जाड कुरडई मध्ये ओली राहते आणि आषाढात डबा उघडल्यावर बुरशीचा वास देते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी उलटा. उलटताना सुटत नसेल तर ओढू नका, कागदच खालून सोलून घ्या. तीन कडक उन्हं द्या. रात्री खाली आणा, दव नको. वाळलेली कुरडई दुसरीवर आपटली की खडखड वाजते. दबका आवाज आला तर चौथं ऊन द्या.

डब्यात भरण्याआधी एक तळून बघा. तेल चांगलं तापलेलं हवं, टाकल्याबरोबर दुप्पट फुलून पांढरी झाली पाहिजे. फुलून मध्ये कडक लागली तर वाळली नाही. फुललीच नाही तर शिजली नव्हती, आणि त्याला आता इलाज नाही. पुढच्या वर्षी झाकण दोनदा जास्त घाला.

पत्र्याचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. बेंदूर, गौरी, पितृपंधरवडा, दसरा, सगळीकडे ताटात लागतात, तेव्हा आख्ख्या कुरडया वेगळ्या डब्यात आणि तुटक्या वेगळ्या. तुटक्यांचा चुरा पाण्यात भिजवून, निथळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतला की पोह्यांसारखी भाजी होते. पावसाने मंडईत काही धड मिळत नाही त्या दिवसांत आमच्याकडे आधी हाच डबा संपतो.