स्वीडनचा इतिहास वाचताना: तारीख, आकडा आणि सही

रशिया आणि स्वीडन यांच्यातली पोल्टाव्हाची लढाई कधी झाली? एका पुस्तकात २७ जून १७०९, दुसऱ्यात २८ जून, तिसऱ्यात ८ जुलै. तिन्ही तारखा बरोबर आहेत. रशियन लेखकाने आपली तारीख दिली, स्वीडिश लेखकाने आपली आणि तिसऱ्याने आजच्या पंचांगाची. स्वीडनच्या इतिहासाच्या नोंदी काढायला बसलात की पहिली ठेच इथेच लागते.

कॅथलिक देश १५८२ पासून ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या पंचांगाकडे वळू लागले. प्रॉटेस्टंट स्वीडन जुन्या ज्युलियनवरच राहिला. १७०० मध्ये त्यांनी एक फारच हुशार बेत आखला: १७०० ते १७४० या काळातले अकरा लीप दिवस एकेक करून गाळायचे, म्हणजे कोणाला कळणारही नाही. १७०० चा दिवस गाळला. मग रशियाशी युद्ध पेटले आणि १७०४ व १७०८ चे लीप दिवस गाळायचे राहून गेले. देश ना ज्युलियनवर, ना ग्रेगोरियनवर, जगात एकटाच. शेवटी राजा बाराव्या कार्लने माघार घेतली आणि तो चुकलेला दिवस भरून काढायला १७१२ चा फेब्रुवारी ३० दिवसांचा केला. खरे ग्रेगोरियन पंचांग आले १७५३ मध्ये. त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला.

जुन्या तारखेवरून ग्रेगोरियन तारीख काढण्याचा हिशेब मात्र वाटतो तेवढा अवघड नाही.

१. मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात लिहा आणि कागद कोणत्या देशाचा तेही लिहा. एक्सेलमध्ये हा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेल तारीख म्हणून ओळखत नाही आणि ३० फेब्रुवारी तर बहुतेक डेटाबेस तारीख म्हणून घेणार नाहीत.

२. कागद स्वीडिश असेल तर १५८२ च्या ऑक्टोबरपासून ३० फेब्रुवारी १७१२ पर्यंत १० दिवस मिळवा. १ मार्च १७१२ ते १७ फेब्रुवारी १७५३ पर्यंत ११. त्यानंतर काहीच नाही. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनचाच भाग, म्हणून तिथेही हेच.

३. रशियन कागदाला १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० आणि पुढे अठराव्या शतकभर ११. डेन्मार्कने मार्च १७०० पासूनच नवे पंचांग घेतले, तिथे तेव्हापासून काही मिळवायचे नाही.

४. वार ताडून पाहा. तारखा कितीही सरकल्या तरी वारांचा क्रम कधी तुटला नाही. बारावा कार्ल फ्रेड्रिक्सटेनच्या वेढ्यात गोळी लागून पडला तो दिवस स्वीडिश गणनेने ३० नोव्हेंबर १७१८, रविवार. ११ मिळवले की ११ डिसेंबर येतो, तोही रविवार. चुकून १० मिळवलेत तर शनिवार येईल आणि चूक लगेच पकडली जाईल.

सगळीकडे सरसकट तारखा बदलू नका. ल्युत्सेनच्या रणात स्वीडनचा राजा गुस्टाव्ह दुसरा आडोल्फ ६ नोव्हेंबर १६३२ ला पडला, ग्रेगोरियनने १६ ला. पण त्याचा दिवस आजही ६ नोव्हेंबरलाच पाळतात. आपली १९ फेब्रुवारी १६३० तरी कुठे ग्रेगोरियन आहे? ती ज्युलियनच, नव्या हिशेबाने १ मार्च.

आता राजांचे आकडे. सध्याचा राजा कार्ल सोळावा गुस्टाव्ह, पण खरे कार्ल मोजले तर दहाच भरतात. आर्चबिशप योहानेस माग्नुसच्या १५५४ मध्ये छापलेल्या इतिहासात कल्पित राजांची भलीमोठी वंशावळ होती. राजा एरिकने तिच्या आधारे स्वतःला चौदावा म्हणवले, त्याचा भाऊ कार्ल नववा झाला. म्हणून कार्लच्या आकड्यातून सहा वजा करा. बाराव्या शतकातला ‘सातवा’ कार्ल स्वेर्केरसॉन हा वास्तविक पहिला. गुस्टाव्हांचे आकडे सरळ आहेत. १८१४ ते १९०५ नॉर्वेही याच राजांकडे होता आणि तिथली मोजणी निराळी: स्वीडनचा कार्ल चौदावा योहान नॉर्वेत कार्ल तिसरा योहान. दोन माणसे समजून दोन नोंदी करू नका. इंग्रजी पुस्तकांतला चार्ल्स म्हणजेच कार्ल, हेही सूचीत एकदा लिहून टाका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘राजाने ठरवले’ या वाक्यात. त्या वर्षी सही कोणाची चालत होती हे आधी पाहा. १६८० नंतर अकराव्या कार्लने सत्ता स्वतःकडे ओढली. १७१८ पर्यंत राजाचा शब्द हाच कायदा. १७१९ पासून पारडे उलटले. सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांची संसद, म्हणजे रिक्सदाग, वरचढ ठरली. इतकी, की राजा आडोल्फ फ्रेड्रिक सही करीना तेव्हा १७५६ मध्ये त्याच्या नावाचा शिक्का उमटवण्याची मुभा मंत्रिपरिषदेला मिळाली. त्या काळातल्या कागदावर राजाचे नाव दिसले म्हणून त्याची संमती गृहीत धरू नका. १९ ऑगस्ट १७७२ ला गुस्टाव्ह तिसऱ्याने हा डाव मोडला आणि १७८९ मध्ये राजाचे अधिकार आणखी वाढवले.

६ जून म्हटले की आपल्याला रायगड आठवतो. स्वीडनचाही राष्ट्रीय दिन तोच. १५२३ मध्ये त्या दिवशी गुस्टाव्ह वासाची राजा म्हणून निवड झाली आणि १८०९ मध्ये त्याच दिवशी नवी राज्यघटना आली. ही १८०९ ची घटना वाचताना सावध राहा. राज्यकारभार राजा एकटा चालवील, असे तिचे कलम होते आणि ती १९७४ अखेरपर्यंत लागू होती. प्रत्यक्षात १९१७ पासून सरकार संसदेच्या बहुमतावर उभे राहू लागले. त्यामुळे १९५० च्या सरकारी आदेशात ‘महाराजांनी’ असे दिसले तर ‘मंत्रिमंडळाने’ असे वाचा. १ जानेवारी १९७५ पासून कायद्यावर राजाची सहीच लागत नाही आणि पंतप्रधानाचे नावही संसदेचा सभापती सुचवतो.