खूणच खोटी निघाली

मिशिगनमधली माझी १९९०ची पाच लिटर इंजिनाची फोर्ड मस्टँग गाडी, त्यावर नंतर बसवलेला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप). बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, चढला की इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. स्पाउट कनेक्टर (गाडीच्या संगणकाला ठिणगीची वेळ बदलू देणारा छोटा जोड) काढून टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) मारला, तर बॅलन्सरवरची, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावरची, खूण बरोब्बर १० अंशांवर, हवी तिथेच! मग महिनाभर पेट्रोलला शिव्या.

शेवटी सगळे प्लग काढले, पहिल्या सिलिंडरला पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा खिळा) लावला आणि क्रँक पान्याने आधी एकीकडे, मग उलट, अडेपर्यंत हळूहळू फिरवला. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. बॅलन्सरवरचं शून्य तिथून ८ अंश दूर! आतलं रबर सुटून बाहेरची कडी सरकली होती. म्हणजे ठिणगी १० नव्हे, १८ अंश आधी पडत होती.

नवा बॅलन्सर, डिस्ट्रिब्युटर फिरवून पुन्हा १०. खडखड बंद. जुन्याची कडी हाताने हलते.