पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरू नका

न्यू जर्सीत येऊन तीन महिने झाले होते. रूट वनवर माझ्या मागे लाल-निळे दिवे चमकू लागले आणि मी गाडी कडेला घेतली. पुण्यात चौकातल्या मामांनी शिट्टी मारली की आपण काय करतो? उतरतो, जवळ जातो, "साहेब, चुकलं" म्हणतो. मीही तेच केलं. दार उघडून उतरले आणि लायसन्स काढायला पर्समध्ये हात घालत त्याच्याकडे चालू लागले. तो स्वतःच्या गाडीच्या दाराआड गेला आणि ओरडला, "हात दिसू देत! गाडीत बस!" त्याचा एक हात कमरेवर होता. तो मला घाबरला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. या देशात कोणाच्याही पर्समध्ये पिस्तूल असू शकतं.

म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट ही सांगते. गाडीतच बसून राहा. काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. मागितल्यावर लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड द्या, आणि ते कप्प्यातून काढायच्या आधी "मी आता इथून कागद काढते" असं सांगा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, कारण ती आपल्या वळणाविरुद्ध जाते. पोलिस विचारेल, "किती वेगात होतात, कल्पना आहे?" आपण लगेच सांगायला लागतो. घाई होती, मुलाला आणायचं होतं, पासष्टवर असेन. झालं, कबुली दिली. अधिकाऱ्यासमोर गप्प राहणं उद्धटपणाचं, आणि गप्प राहणारा गुन्हेगारच, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. खरं तर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, हे आपल्याही राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. अमेरिकेत ते पाचव्या घटनादुरुस्तीत आहे, १७९१ पासून. आपण ते शाळेत पाठ केलं, वापरायला मात्र कोणी शिकवलं नाही.

इथला हक्क तोंडाने मागावा लागतो. नुसतं गप्प बसणं पुरत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका माणसाचं प्रकरण आलं. पोलिसांच्या खोलीत तो पावणेतीन तास जवळजवळ गप्प होता आणि शेवटी एका प्रश्नाला "हो" म्हणाला. न्यायालय म्हणालं, मला बोलायचं नाही असं तू स्पष्ट सांगितलं नाहीस, तेव्हा ते "हो" तुझ्याविरुद्ध वापरता येईल. त्यामुळे तीन वाक्यं पाठच करा, इंग्रजीतच, कारण तिथे भाषांतराला वेळ नसतो. "आय विल रिमेन सायलेंट." "आय वॉन्ट अ लॉयर." "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च." शांत आवाजात म्हणायची, हात न हलवता. झडती तरीही घेतली तर अडवायचं नाही. संमती दिली नव्हती एवढं कोर्टात सांगता आलं पाहिजे. जायची मोकळीक आहे का हे कळत नसेल तर "ॲम आय फ्री टू गो?" असं सरळ विचारा.

सिनेमे पाहून एक गैरसमज पक्का झालेला असतो: पोलिसाने हक्क वाचून दाखवले नाहीत तर केस उडते. तसं नाही. १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे माणूस ताब्यात असेल आणि त्याची चौकशी चालू असेल तेव्हाच ते वाचून दाखवावे लागतात. न वाचल्यास साधारणपणे ती उत्तरं खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, बाकीची केस उभीच राहते. दारू प्यायल्याचा संशय असेल आणि तुम्ही श्वासाची चाचणी नाकारलीत, तर न्यू जर्सीत त्याची वेगळी शिक्षा आहे. तिथे गप्प बसायचा हक्क कामाला येत नाही.

आणि गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. केंद्राच्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हाच एक स्वतंत्र गुन्हा आहे.

"पण आपण तर व्हिसावर, आपल्याला कसले हक्क?" हा प्रश्न मला दर गणेशोत्सवात कोणीतरी विचारतं. घटनेचे शब्द नीट पाहा. पाचव्या आणि चौदाव्या दुरुस्तीत यातलं संरक्षण "व्यक्ती"ला दिलेलं आहे, फक्त नागरिकाला नाही. यामागे एका धोब्याची गोष्ट आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत नियम होता की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्यायची. कागदावर सगळ्यांना सारखाच. प्रत्यक्षात सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना नकार मिळाला आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांपैकी एक सोडून सगळ्यांना परवानगी मिळाली. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स, १८८६. न्यायालयाने सांगितलं की कायद्याचं समान संरक्षण परक्या देशाच्या माणसालाही आहे, आणि वरून समान दिसणारा नियम पक्षपाताने राबवला तर तो घटनेत बसत नाही. त्या काळात चिनी माणसाला इथलं नागरिक होण्याची वाटही बंद होती. तरी तो लढला, आणि त्याचा निकाल आज तुमच्या-माझ्या कामी येतो.

फक्त नागरिकांचं जे आहे, त्याला मात्र चुकूनही हात लावू नका. लायसन्सच्या काउंटरवर मतदार नोंदणीचा प्रश्न पुढे येतो आणि माणूस भराभर "येस, येस" करत जातो. मी नागरिक आहे असा खोटा दावा नोंदला गेला तर ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते. ज्युरी ड्यूटीची, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याची, प्रश्नावली टपालाने आली तर फेकू नका. "नागरिक नाही" अशी खूण करून परत पाठवा.

इथे कायदाही एकजिनसी नाही. गावाचा वेगळा, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा. गांजाचं दुकान दिसेल, पाटी लावून उघडपणे चाललेलं, कारण न्यू जर्सीने २०२१ मध्ये प्रौढांसाठी तो कायदेशीर केला. इमिग्रेशन मात्र केंद्राच्या हातात, आणि केंद्राच्या कायद्यात त्याला अजून मोकळीक नाही. शेजारचा गोरा मुलगा खुशाल ओढेल. तुमच्या मुलाने नुसतं "ओढला होता" असं व्हिसा अधिकाऱ्यासमोर कबूल केलं तरी त्याला महागात पडू शकतं.

आता ज्यात आपली माणसं सर्वांत जास्त अडकतात ते सांगते: सेल्फ चेकआउट. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याच्या ट्रॉलीत खालच्या फळीवर तांदळाची पिशवी राहिली, आणि दोन वस्तू स्कॅन झाल्याच नाहीत. दारात त्याला अडवून मागच्या खोलीत नेलं. तिथे त्याने घाबरून स्वतःच्या हाताने लिहून दिलं की चूक झाली, पुन्हा करणार नाही. नंतर म्युनिसिपल कोर्टाची तारीख आली. सरकारी वकील चांगुलपणानेच म्हणाला, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि घरी जा. पोराला सुटल्यासारखं वाटलं. मी त्याला सही करू दिली नाही. व्हिसावरच्या माणसासाठी चोरी म्हणजे व्हिसा धोक्यात आणू शकणारा "नैतिक अधःपतना"चा गुन्हा, रक्कम पंधरा डॉलर असली तरी. आधी कबुली द्यायची आणि नंतर केस रद्द होते, अशी सवलतसुद्धा इमिग्रेशनच्या हिशेबात शिक्षाच धरली जाऊ शकते. २०१० च्या पडिया निकालानंतर कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. पण वकीलच नसेल तर सांगणार कोण? आम्ही फौजदारी आणि इमिग्रेशन असे दोन्ही वकील गाठले. सात महिने लागले, बरेच पैसे गेले, पण कबुली न देता प्रकरण मिटलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे इथे विसरा. समन्स आलं की जायचंच, नाहीतर वॉरंट निघतं. न्यू जर्सीच्या कोर्टात दुभाषा फुकट मिळतो. मराठीसाठी आधी सांगून ठेवावं लागतं. तुरुंगाची शक्यता असलेल्या फौजदारी खटल्यात ऐपत नसेल तर सरकार वकील देतं, याची सुरुवात १९६३ च्या गिडियन निकालाने झाली. इमिग्रेशन कोर्टात तसा देत नाही, तिथे आपला आपण शोधायचा. तो वकीलच हवा, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. वाणसामानाच्या दुकानात कार्ड ठेवून गेलेला "कन्सल्टंट" नको.

बहिणींसाठी खास. घरात मार बसत असेल तर तुमचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून सोसत राहू नका. ९११ ला फोन करा. मारहाणीच्या खुणा दिसल्या तर न्यू जर्सीत पोलिसांना अटक करावीच लागते, आणि कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मागायला तुमचा व्हिसा कोणता हे आड येत नाही. १९८५ पासून इथे काम करणारी "मानवी" ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठीच आहे.

कोणी इमिग्रेशनचा अधिकारी म्हणून दार ठोठावलं तर दार न उघडता कागद खिडकीला लावायला सांगा. न्यायाधीशाची सही आहे का, नाव आणि पत्ता बरोबर आहे का, ते पाहा. खात्यानेच स्वतः काढलेलं वॉरंट आणि न्यायाधीशाचं वॉरंट या वेगळ्या गोष्टी आहेत. आत येऊ द्यायची संमती तोंडाने देऊ नका आणि मानही हलवू नका. जबरदस्तीने आत आले तर आडवे जाऊ नका, वकील मागा.

अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) जवळ बाळगायचं असतं, आणि घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा असतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, सकाळी एकटेच पार्कात फिरायला जातात. त्यांच्या खिशात आय-९४ ची छापील प्रत, तुमचा पत्ता आणि फोन नंबर घालून द्या. बाबांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा, पोलिस दिसला तर हसून हात पुढे करत जवळ जायचं नाही.